इथे राहत नाही

दादा, तुझी शोकसभा छान झाली. तुला आवडली असती. सोसायटीचा हॉल भरला होता, सभा वेळेवर सुरू झाली, आणि लांबण लावणाऱ्यांना आवरतं घ्यायला सांगणारा एक गृहस्थ पुढेच बसवला होता. तुझा एक जुना विद्यार्थी बोलला, आता चांगला पोट सुटलेला. म्हणाला, सरांनी आम्हाला नागरिकशास्त्र नुसतं शिकवलं नाही, ते जगून दाखवलं, एकही मतदान सरांनी कधी चुकवलं नाही. टाळ्या वाजवाव्यात की नाही हे लोकांना कळेना, शेवटी शोकसभाच ती. मग सगळ्यांनी माना हलवल्या.

मी पहिल्या रांगेत होते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं म्हणून शेजारच्या बाई माझा हात थोपटत बसल्या. त्यांना कुठे सांगू की अहो, हे पाणी रागाचं आहे. मागे दाराशी आपला सुहास खुर्च्या लावत होता. लोक येत राहिले तसा तो एकेक खुर्ची उलगडून देत राहिला, आणि शेवटी स्वतः भिंतीला टेकून उभा राहिला. सख्खा भाऊ गेलेला माणूस, पण त्याला कुणी पुढे ये, बस, असं म्हणालं नाही.

तुला जाऊन अजून महिनाही झालेला नाही. इतक्यात असं काही लिहिणं बरं दिसत नाही, हे मला कळतं. आपल्याकडे माणूस गेला की त्याचं सगळं माफ करून टाकायची घाई असते. मला ती घाई नाही. तुझ्याशी भांडायचं एक भांडण माझ्या हातून निसटलं, कारण ते कशावरून भांडायचं हेच मला तू गेल्यानंतर कळलं. तेव्हा आता ऐकून घे. आयुष्यात पहिल्यांदा तुला मध्ये बोलता येणार नाही.

सुहासच्या हातून जे झालं ते मी कधी झाकलं नाही आणि आजही झाकत नाही. धायरीच्या रस्त्यावर, वाहनांच्या गर्दीत, एका मुलाची दुचाकी याच्या गाडीला घासली. दोघांची बाचाबाची झाली, शिव्या झाल्या, आणि सुहासने त्याला ढकललं. तो मुलगा दुभाजकावर डोकं आपटून पडला तो उठलाच नाही. कॉलेजात शिकत होता. न्यायालयाने सुहासला सदोष मनुष्यवधाची शिक्षा दिली आणि त्याने ती येरवड्याला पुरी भोगली. एक दिवसही कमी नाही.

आणि तू, हे मला लिहावंच लागेल, कितीही जिवावर आलं तरी, तू दर महिन्याला त्याला भेटायला गेलास. कर्वेनगरातून येरवड्याला, बस बदलून, कारण रिक्षा तुला चैन वाटायची. मुलाखतीच्या रांगेत तासन् तास उभा राहायचास. निवृत्त मुख्याध्यापक, इस्त्रीचा शर्ट, आणि आजूबाजूला कुणाची बायको, कुणाची आई, कडेवर पोरं. कधी कपाळाला आठी घातली नाहीस. वहिनी सांगते, आत गेल्यावर तू त्याला एवढंच विचारायचास, की पाठ दुखते का, झोप लागते का, वाचायला काय आणू. तो सुटला तेव्हा कुणाच्या दारात जायची वेळ त्याच्यावर येऊ दिली नाहीस. तडक स्वतःच्या घरी आणलंस, मागची खोली दिलीस. वारज्याला एका गॅरेजात त्याला कामाला लावलंस, तेही स्वतः जाऊन मालकाला सगळं खरं खरं सांगून. हे सगळं तू केलंस. म्हणून तर माझा संताप होतो. तू नुसता दुष्ट असतास तर मी केव्हाच हात झटकले असते.

तुला मतदानाचा दिवस म्हणजे दिवाळीच. आदल्या दिवशी कपडे काढून ठेवायचे, पहाटे सगळ्यांच्या आंघोळी, आणि केंद्र उघडायच्या आत आपण रांगेत. केंद्र तुझ्याच शाळेत. तू जिथे उभं आयुष्य काढलंस त्या शाळेच्या फाटकातून तू असा आत जायचास की जणू यंत्रं तूच मागवली आहेस. शिपायापासून पोलिसापर्यंत सगळे, या सर, बसा सर. मी दोन गल्ल्या सोडून राहते, तरी मला आधी तुझ्या घरी यावं लागायचं, कारण आपण सगळ्यांनी एकत्र निघायचं हा नियम. परत आलो की उपीट, चहा, आणि शाई लावलेली बोटं वर करून सगळ्यांचा फोटो.

सुहास सुटून आल्यानंतरची पहिली निवडणूक मला आठवते. आदल्या दिवशी त्याने आपला शर्ट इस्त्री करून ठेवला होता. सकाळी तयार होऊन बाहेरच्या खोलीत आला आणि म्हणाला, "दादा, मी पण येऊ ना?"

तू चष्मा पुसत होतास. वरही न बघता म्हणालास, "तुला नाही रे आता मत. शिक्षा झालेल्या माणसाचा हक्क जातो. यादीत नावच नाहीये तुझं."

"बरं," म्हणाला तो, आणि आत गेला. आम्ही मत देऊन आलो तेव्हा उपीट तयार होतं. त्यानेच केलं होतं. आणि शाईच्या बोटांचा तो फोटो असतो ना, तोही त्यानेच काढला. तू त्याला सांगत होतास, अरे, सगळ्यांची बोटं येऊ देत, वहिनीचं कापलं जातंय.

मी तेव्हा एका शब्दाने विचारलं नाही, कारण विचारायचं कशाला? आपल्या घरात राज्यघटना विकत आणायची कधी गरजच पडली नाही, तू होतास ना. भाड्याचा करार असो, माहितीचा अधिकार असो, सोसायटीचे नियम असोत, दादा म्हणाला की झालं. सगळ्या नातेवाइकांत तुझा शब्द म्हणजे निकाल. आपण शिकलेली माणसं, दारी वर्तमानपत्र येतं, हातात फोन आहे, पण एकानेही ते उघडून बघितलं नाही. आणि तुझ्या त्या एका वाक्यावर सुहास त्यानंतरच्या प्रत्येक निवडणुकीला उपीट करत राहिला.

मग गेल्या वर्षी आमच्या सोसायटीच्या कामासाठी मी वकिलांना फोन केला. तेच, सुहासचा खटला चालवलेले. बोलता बोलता त्यांनी सहज विचारलं, सुहास कसा आहे, मत-बीत देतो की नाही. मी म्हटलं, अहो, त्याला कुठलं मत? ते हसायला लागले. "कुणी सांगितलं तुम्हाला? तुरुंगात असेपर्यंत मत देता येत नाही, एवढंच आहे. माणूस बाहेर आला की तो तुमच्या-माझ्यासारखा मतदार. यादीत नाव नसेल तर अर्ज करायचा, संपलं."

मी फोन ठेवला आणि पायांत चप्पल सरकवून तशीच तुझ्याकडे आले. तू गॅलरीत पेपर वाचत होतास. मी म्हटलं, "दादा, सुहासला मत आहे. तुला माहीत होतं?"

तू पेपराची घडी घातलीस. नीट, कडेला कड लावून. "कायदा मला शिकवू नकोस, शुभा."

"म्हणजे माहीत होतं."

"कायद्याने त्याची शिक्षा संपली. मान्य. माझ्या लेखी नाही संपली."

"तू कोण? न्यायाधीश?"

"तो मुलगा," तू म्हणालास, आणि तुझा आवाज एवढा खाली आला की मला पुढे वाकावं लागलं, "तो मुलगा आज असता तर त्याचं पहिलं मतदान कधीच होऊन गेलं असतं. आहे का त्याला मत? त्याच्या आईबापाने कुणाला विचारायचं?"

त्या मुलाचं नाव निघालं की आपल्या घरात पुढे कुणाची जीभ रेटत नाही. पण आता मी एकटीच बोलतेय, तर उत्तर देते. नाही दादा, त्या मुलाला मत नाही, आणि त्याला कारण आपला भाऊ आहे. त्याची शिक्षा न्यायालयाने ठरवली, मोजून दिली, आणि सुहासने ती भोगली. सुहासला फाटकाबाहेर ठेवून त्या मुलाच्या आईच्या पदरात तू काय घातलंस? तिला तर पत्ताही नाही की कर्वेनगरात कुणी मास्तर तिच्या नावाने आपल्या भावाला घरी बसवून ठेवतोय.

आणि तत्त्वाचंच म्हणशील तर चौकातल्या फलकावरचा तो तुझा लाडका उमेदवार आठव. हात जोडलेला, कपाळाला टिळा. त्याच्यावरच्या गुन्ह्यांची जंत्री पेपरात आली होती, तूच आम्हाला चहाच्या वेळी वाचून दाखवलीस. मारहाण, धमकी, जमीन बळकावणं. मी म्हटलं, शी, असल्या माणसाला कोण मत देतं? तू म्हणालास, "आरोप आहेत, सिद्ध कुठे झालेत? कामाचा माणूस आहे." आणि त्यालाच मत देऊन आलास, बोट वर करून फोटोही काढलास. फोटो काढणारा होता तो शिक्षा भोगून आलेला. त्याचं तर सिद्ध झालं होतं, दादा. सिद्ध होऊन, फेडूनही झालं होतं.

त्या दिवशी भांडणाच्या शेवटी तू म्हणालास, "बरं बाई. भर त्याचा अर्ज. मी आड येणार नाही." मला वाटलं, जिंकले. घरी येऊन मी साखरेचा खडा तोंडात टाकला, तुला खोटं वाटेल. सुहासला शेजारी बसवून अर्ज भरला. त्याने जन्मतारीख सांगितली, फोटो दिला, पत्ता तुझ्या घराचा लिहिला. मी त्याला विचारलं, "तुला खरंच माहीत नव्हतं रे?" तर म्हणाला, "होतं ना. आत असतानाच एकांनी सांगितलं होतं, सुटल्यावर मत देता येतं म्हणून. पण दादा नाही म्हणाला."

अर्ज नामंजूर झाला. मी सरकारी खात्याच्या नावाने बोटं मोडली. तू मात्र शांत होतास. "बघ," म्हणालास, "एवढं सोपं नसतं ते." आणि मी, मूर्ख बाई, तुझ्याकडे बघून मान हलवली.

त्यानंतर तू गेलास. टेकडी चढून आलास, पंख्याखाली बसलास, पाणी मागितलंस, आणि पाणी येईपर्यंत गेला होतास. तुला मुलगा नाही, जावई परदेशात. गुरुजींनी विचारलं, अग्नी कोण देणार? वहिनीने सुहासकडे बोट दाखवलं. कुणी हूं की चूं केलं नाही. शिक्षा झालेला माणूस त्या कामाला चालला. विद्युतदाहिनीच्या दारापाशी त्याने तुझ्या पायांवर डोकं ठेवलं ते काही केल्या उचलेना. मी आणि वहिनीने त्याला धरून मागे आणलं. तेव्हा मीही तुझ्यासाठी रडले. अगदी मनापासून रडले. नंतर जे कळलं ते त्याच दिवशी कळलं असतं तर रडले असते का, सांगता येत नाही.

तेरावं झाल्यावर वहिनी आणि मी भांडी आवरत होतो. मी सहज म्हटलं, आता सुहासचा अर्ज पुन्हा करू या, त्यांच्या कचेरीत काहीतरी घोळ झाला असणार. वहिनीचे हात थांबले. म्हणाली, "घोळ नाही झाला हो, वन्सं."

मग तिने सांगितलं. त्या अर्जाची खातरजमा करायला बाई आल्या होत्या, यादीच्या कामासाठी घरोघर फिरतात त्या. तू दार उघडलंस. त्यांनी विचारलं, हे सुहास इथेच राहतात का? तू म्हणालास, "नाही. इथे राहत नाही." दोनदा म्हणालास, त्यांनी पुन्हा विचारल्यावर. वहिनी कोचावर होती. "मी तोंड उघडणार तेवढ्यात ह्यांनी माझ्याकडे असं काही बघितलं, की माझं तोंड मिटलं ते मिटलंच," म्हणाली. आणि सुहास स्वयंपाकघरात होता. त्याला सुट्टी होती. पाव्हण्या आल्या म्हणून त्याने चहा टाकला होता. बाईंच्या हातात कप त्यानेच नेऊन दिला.

दादा, तो आत तुरुंगात असताना यादीवाले आले तेव्हाही तू हेच वाक्य बोलला होतास, तेही वहिनीनेच सांगितलं, आणि त्याचं नाव तेव्हाच वगळलं गेलं. ते तरी मी समजून घेईन. तेव्हा तो खरंच तिथे नव्हता. पण या वेळी? तुझ्याच घरात, तुझ्याच कपात चहा ओतत असलेला भाऊ, आणि तू उंबऱ्यात उभा राहून सांगतोस, राहत नाही?

मी सुहासला विचारलं, "ऐकलं होतंस तू?"

"हो."

"मग बाहेर येऊन बोलला का नाहीस?"

"दादाला त्या बाईंसमोर खोटं पाडू?" असं म्हणाला तो. वर माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच काही भलतं बोलले.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच चाललंय. तू हे त्या मेलेल्या मुलासाठी केलं नाहीस. आधी मला वाटलं होतं तसं, आणि तुझ्याबद्दलचा आदर थोडा शिल्लक होता. आता नाही वाटत. तुला लाज वाटत होती. तुझी शाळा, तुझं फाटक, या सर, बसा सर, आणि तुझ्या मागे रांगेत हा. आत गेल्यावर मतदाराचं नाव मोठ्याने वाचतात. आपलं आडनाव, आपल्या वडिलांचं नाव, आणि त्यापुढे सुहास. सगळ्या खोलीला ऐकू जाणार. येरवड्याच्या रांगेत तुला कुणी ओळखत नव्हतं, तिथे तू त्याचा भाऊ होऊ शकलास. शाळेच्या रांगेत नाही जमलं तुला. तसं सरळ बोलला असतास, शुभा, मला लाज वाटते, तर मी शिव्या घातल्या असत्या आणि मग तुझ्यासाठी चहा केला असता. पण तू लाजेला तत्त्वाचा कोट घातलास, आणि घातलास तो घातलास, त्या मेलेल्या पोराच्या नावाचा घातलास. हे मला गिळवत नाही. बहुतेक कधीच गिळवणार नाही.

मला तुझी आठवण येते. रोज सकाळी पेपर आला की येते, कारण त्यातली चूक काढून दाखवायला फोन कुणाचा येत नाही. येते आणि लगेच अंगाचा तिळपापड होतो. दोन्ही एकदम होतं. हे कसं आवरायचं ते तुला विचारलं असतं तर तू काहीतरी मुद्देसूद सांगितलं असतंस.

काल त्या बाई पुन्हा आल्या. सुहासचा नवा अर्ज गेला आहे, त्याच्या चौकशीला. मी मुद्दाम जाऊन बसले होते. सुहासने स्वतः दार उघडलं. त्यांनी नाव विचारलं, तो म्हणाला, "मीच," आणि दाराची कडी धरून तसाच उभा राहिला. वहिनी मागून एवढ्या मोठ्याने ओरडली की शेजारचं दार उघडलं. "इथेच राहतो! माझा दीर आहे, इथेच राहतो, लिहा तुम्ही!" बाईंनी लिहून घेतलं. त्याला मागच्या वेळी चहा देताना बघितल्याचं त्यांना आठवलं असेलच, पण बिचाऱ्या काही बोलल्या नाहीत. नाव लागेल, म्हणाल्या, या निवडणुकीला नाही जमलं तर पुढच्या.

मग पिशवीतून दुसरा कागद काढून त्या हळूच म्हणाल्या, "सरांचं नाव कमी करावं लागेल. घरातल्या कुणीतरी हे भरून सही करा. मृत्यूचा दाखला आहे ना?"

वहिनीने पदर तोंडाला लावला आणि कागद सुहासकडे सरकवला. त्याने पेन घेतलं. तुझं आडनाव लिहिण्यापर्यंतही तो पोचला नाही. पेन तसंच टेकवून बसला, आणि मग खाली ठेवलं.

मी म्हटलं, "अरे, नुसतं नाव लिहायचंय."

"नाही, ताई." तो माझ्याकडे बघत नव्हता. "एक माणूस माझ्या हातून गेलाय. दादाचं नाव मी नाही काढणार. राहू दे ते यादीत."

"मेलेल्या माणसाचं नाव राहत नाही रे यादीत."

"मग राहू दे माझंही बाहेर," तो म्हणाला. "पण मी नाही लिहिणार."

त्या बाई खिडकीबाहेर बघायला लागल्या. वहिनी रडत होती. मी पेन उचललं आणि कागद माझ्याकडे ओढला. तुझं पूर्ण नाव लिहिलं, वय लिहिलं, कारणाच्या जागी मृत्यू लिहिलं, नात्याच्या जागी बहीण, आणि खाली सही केली. तुझं नाव मी काढलंय, दादा, त्याने नाही. राग धरायचा तर माझ्यावर धर.